यशोगाथा क्रमांक सात

फोटो तिचाच होता. कॉलेजच्या पायऱ्या चढून आल्यावर डाव्या हाताला, जिथं पूर्वी परीक्षेच्या नोटिसा लागायच्या, तिथं आता चकचकीत फ्लेक्स होता, 'आमच्या यशोगाथा', आणि त्यातल्या सातव्या चौकटीतून दिपमाला दिपमालाकडेच बघून हसत होती. खाली लिहिलं होतं, 'सौ. दिपमाला ललित महाजन, बी.ए. (इतिहास). यशस्वी महिला उद्योजिका. स्वतःचे बुटीक.' कुणी आपल्या नावानं दुसऱ्यालाच हाक मारली की माणूस मागं वळून बघतं, तशी तिनं एकदा मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. फोटो चुलतदिराच्या लग्नातला, मोरपंखी साडीतला, तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेला. त्या फोटोत धनू तिच्या कडेवर होती. कापणाऱ्यानं धनूला कापून टाकलं होतं. पण नीट कापता आलं नव्हतं, म्हणून आईच्या खांद्यावर मुलीची चार बोटं तेवढी राहून गेली होती. बिनमालकाची चार बोटं. ती बघून दिपमालानं पर्समधला फोन काढून बघितला, कारण धनू सकाळपासून खोकत होती, आणि तिला शेजारच्या लताबाईंकडे ठेवून ही इथं आली होती. निघताना तिनं लताबाईंना औषधाच्या बाटलीवर पेनानं रेघ मारून दिली होती, की इथपर्यंतच. लताबाई म्हणाल्या होत्या, "मी चार पोरं वाढवली, दिपमाला. रेघ न मारता." त्यावर ती हसली होती आणि जिन्यात थांबून, आतून खोकल्याचा आवाज येतो का, हे ऐकत राहिली होती.

"आलात? बरं झालं," प्रशील सर मागून म्हणाले. त्यांच्या दोन्ही काखांत फायली होत्या. दहा वर्षांपूर्वी तिला इतिहास शिकवायला आले तेव्हाही ते तासिका तत्त्वावर होते, आजही होते. मधल्या काळात सेट परीक्षा झाली होती, पीएचडी झाली होती आणि केस गेले होते.

"सर, हे बुटीक—"

"तुम्हीच लिहिलं होतं की फॉर्मवर."

"मी लिहिलं होतं, मुलीचे फ्रॉक घरी शिवते."

"तेच ते. स्वयंरोजगार."

"दोन शिवलेत सर. एकाची बाही उलटी बसली."

सरांनी फायली कठड्यावर ठेवल्या. "दिपमाला, आज कॉलेज तपासायला आलेल्या समितीच्या तक्त्यात तीनच रकाने आहेत. नोकरी, व्यवसाय, पुढचं शिक्षण. तुमच्या वर्गातल्या एकेचाळीस मुली. अडतीस गृहिणी. त्यांना मी कुठं बुडवू? समुद्र आपल्याकडं नाही. गिरणा आहे, ती अर्धं वर्ष कोरडी." ते हसले, पण हसण्यात हसणाऱ्याचा सहभाग नव्हता. मग आवाज उतरवून म्हणाले, "ग्रंथालयातल्या जागेचं प्राचार्यांच्या कानावर घातलंय मी. अर्धवेळ आहे, पण आहे. आज चार वाक्यं नीट बोललात की तुम्ही त्यांच्या लक्षात राहाल. एवढंच." एवढंच म्हणून ते गेले, आणि तिच्यापुढं जणू तराजू टांगून गेले.

ग्रंथालय. ललितला ती म्हणाली होती, घरखर्चाला हातभार लागेल. ललित एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याला ते पटलं होतं. पण हातभार हा सांगायचा शब्द होता. खरी गोष्ट सांगण्यासारखी नव्हती, म्हणजे तिला ती सांगताच आली नसती. शेवटचा तास सव्वाबाराला सुटायचा आणि एरंडोलकडची तिच्या गावाची गाडी दोनला. मधले पावणेदोन तास. घरच्यांना वाटायचं ती वर्गात आहे, वर्गातल्यांना वाटायचं ती घरी गेली. आणि ती वाचनकक्षात पश्चिमेच्या खिडकीपाशी, एक पाय लटपटणाऱ्या टेबलावर कोपर टेकून बसलेली असायची. समोर पुस्तक असायचं. कधी वाचायची, कधी नुसतं उघडं असायचं. बाहेर धुळ्याच्या रस्त्यावरून ट्रक जायचे. त्या पावणेदोन तासांत ती कुणाची मुलगी नव्हती, कुणाला बघायला येणार होते अशी मुलगी नव्हती, रोल नंबर नव्हती. तीन वर्षांत काय मिळालं असं स्वतःशीच विचारलं, की तिला ते टेबल आठवायचं. लग्नानंतरच्या सात वर्षांत अशी जागा तिला पुन्हा मिळाली नव्हती. बाथरूमला कडी होती, पण बाहेरून दार वाजायचं.

कॉलेजात ती टाकली गेली होती. शब्दच तो होता. 'वनाआबांनी पोर बी.ए.ला टाकली,' लोक तिच्या वडलांबद्दल म्हणायचे, कैरी मुरायला टाकतात तसं. बारावी झाली, स्थळं येत होती, जमत नव्हतं; कुठं उंची आडवी यायची, कुठं शेत. मग मधल्या दिवसांचं काय करायचं, तर आईनंच, ताईबाईनं, तोड काढली. "पोर घर बशेल शे आसं लोकेसले कसं सांगानं? शिकी ऱ्हायनी म्हनं, का मंग कोनी पुढे इचारत नही." आणि खरंच कुणी विचारलं नाही. बायोडाटावर पहिल्या वर्षी 'बी.ए. प्रथम वर्ष' होतं, मग 'द्वितीय', मग 'बी.ए.', आणि दरवेळी तोच कागद नव्यानं टाइप करून आणताना आबांना आपण मुलीसाठी काही तरी करतो आहोत असं वाटायचं. वर्गात तरी कोण कशासाठी आलं होतं? मागच्या दोन बाकांवरची मुलं पोलीस भरतीची. ती हजेरीला पायात धावायचे बूट घालूनच बसायची आणि हजेरी संपली की खिडकीतून मैदानावर. काहींना हॉस्टेल हवं होतं, काहींना शिष्यवृत्ती, काहींना एसटीचा पास. उखर्डू नावाचा एक मुलगा सरळ सांगायचा, आमच्या शिवारात रेंज नही, अठे शे. मुली पुढच्या बाकांवर, सगळ्या दिपमालासारख्याच टाकलेल्या. दर काही आठवड्यांनी एक जागा रिकामी व्हायची, आठ दिवसांनी तीच मुलगी हातात हिरवा चुडा घालून पेढे द्यायला यायची, आणि मग यायची नाही. मास्तरांनाही हे माहीत होतं. इतिहासासाठी कुणीच आलेलं नाही, हे इतिहास शिकवणाऱ्याला माहीत असावं आणि तरी त्यानं फळ्यावर तारीख लिहावी, यात काही तरी केविलवाणं होतं, आणि काही तरी जिद्दीचंही.

कारण त्याच प्रशील सरांनी एकदा, दुसऱ्या वर्षाला, एका जुन्या वतनाच्या कागदाची झेरॉक्स वाटली होती आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले होते. हे कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? यात कोण नाही? "एवढे तीन घेऊन जा," ते म्हणाले होते, "बाकी सनावळ्या विसरलात तरी चालतील." बाकी सगळं ती विसरली. ते तीन मात्र जावळातल्या खाजेसारखे डोक्यात राहिले. सासरच्या पहिल्या दिवाळीला भाऊबंदकीच्या वाटणीचा कागद वाचला जात होता, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, यात आत्यांची सही कुठंय? घरात चार दिवस कुणी तिच्याशी बोललं नाही. तेव्हापासून ती मनातल्या मनात विचारायची. औषधाच्या पुड्यातली बारीक अक्षरातली चिठ्ठी वाचताना विचारायची, शाळेच्या ग्रुपवरचा संदेश वाचताना विचारायची, ललित 'आज उशीर होईल' लिहायचा तेव्हाही विचारायची. लताबाई चार पोरं वाढवून दुपारच्या निवांत घोरतात. ही मात्र धनूच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजते. शिकल्यानं भीती जाते म्हणतात. तिची भीती तर शिकूनच डोळे उघडे ठेवून झोपायला लागली होती. आणि आता फ्लेक्ससमोर उभं राहून त्याच तीन प्रश्नांची उत्तरं सरळ पुढ्यात होती. कोणी लिहिलं, तर प्रशील सरांनी. कोणासाठी, तर समितीसाठी. यात कोण नाही, तर धनू नाही. चार बोटं सोडून.

सभागृहात माजी विद्यार्थी, पालक आणि चालू विद्यार्थी या तिन्ही बैठका एकत्रच होत्या, कारण समितीला संध्याकाळची गाडी गाठायची होती. दिपमालाच्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. एकोणिसाची असेल, कपाळावर घाम, मांडीवर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक.

"ताई, तुम्हीच ना? सातव्या नंबरच्या?"

"हो, म्हणजे... हो."

"मी मेघा. एस.वाय.ला आहे." तिनं इकडंतिकडं बघितलं. "ताई, तुम्हाला एक सांगू? रागावू नका. मी तुमच्या फ्लेक्सचा फोटो काढून घरी दाखवला."

"का गं?"

"उन्हाळ्यात माझं उरकायचं म्हणताहेत. मी म्हटलं तिसरं वर्ष तेवढं होऊ द्या. तर बाबा म्हणे, काय मिळस तठे? मग मी तुम्हाला दाखवलं. म्हटलं, या बघा, आमच्याच कॉलेजच्या, बी.ए.च केलंय यांनी. तर बाबा म्हणे, चाल, माले बी पालक म्हनीसन बलायेल शे, मी सोता ऐकसू, मंग ठरवसू." तिनं मान किंचित मागं वळवली. "ते बघा, निळा शर्ट."

पालकांच्या रांगेत निळ्या शर्टाचा माणूस टोपी मांडीवर ठेवून बसला होता. शर्टाच्या पोटावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, धुऊन धुऊन शर्ट विटला तरी न गेलेले. शर्ट इस्त्रीचा होता. म्हणजे हा त्याचा चांगला शर्ट होता.

"तिसऱ्या वर्षाला काय करणार आहेस?" दिपमालानं विचारलं. का विचारलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"काही नाही," मेघा म्हणाली, आणि एकदम मोकळं हसली. "रोज येईन."

"तास संपल्यावर गाडी किती वाजता असते तुझी?"

"सव्वादोनला." मग ओशाळून, "मी वर बसते, वाचनकक्षात. खिडकीपाशी. ते टेबल जरा हलतं."

दिपमालानं तिच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. खिडकीत एक कबुतर येत होतं, जात होतं. तिला वाटलं, या मुलीच्या हाताला धरावं आणि इथून उठून जावं. पण पर्समध्ये फोन थरथरला, लताबाई, आणि त्याच वेळी व्यासपीठावरून समितीच्या अध्यक्ष मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "माजी विद्यार्थ्यांपैकी महिला उद्योजिका कोण आहेत? मला त्यांच्याकडून ऐकायचंय. तुम्ही हे कॉलेज का निवडलं, आणि या शिक्षणानं तुम्हाला काय दिलं?"

ती उठली. फोन थरथरत होता. धनूला धाप लागली असेल, किंवा लताबाईंनी रेघेच्या पुढं औषध दिलं असेल. प्राचार्य बघत होते, प्रशील सर भिंतीला टेकून फायलीकडं बघत होते, निळा शर्ट पुढं वाकला होता. खरं सांगायचं तर एका वाक्याचं होतं: मला इथं टाकलं होतं, आणि मला एक टेबल मिळालं, आणि तीन प्रश्न. हे वाक्य तिच्या जिभेवर आलंसुद्धा. पण त्या वाक्यावर कुठला बाप मुलीचं एक वर्ष वाढवून देणार होता?

आणि मग ती बोलायला लागली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, किती सोपं होतं. कॉलेजात असताना ती वादविवाद स्पर्धेची ढाल जिंकून आणायची. चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवर विषय असायचा, खाली कंसात 'बाजूने' किंवा 'विरुद्ध'. तिला दोन्ही यायचं. तोच आवाज आज सात वर्षांनी धूळ झटकून उठला, तेच थांबणं, तोच शेवटच्या शब्दावर दिलेला हलका जोर. तिनं सांगितलं, की सुरुवात एका मशीनवर केली. मग तीन झाली. दोन मुली हाताखाली आहेत. भुसावळहून ऑर्डर येतात, लग्नसराईत धुळ्याहूनही. प्रत्येक मशीन ती मेघासाठी जोडत होती. तिला दिसत होतं, निळा शर्ट ऐकतो आहे, मान हलवतो आहे, आणि तिला वाटलं अजून एक सांगितलं तर नक्की, म्हणून तिनं पिको-फॉलचं वेगळं मशीनही घेतलं. "हे धाडस मला या कॉलेजनं दिलं," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. अध्यक्ष मॅडमनी काही लिहून घेतलं. ती खाली बसली तेव्हा मेघानं तिचा हात घट्ट दाबला. मेघाचा तळवा ओला होता, धनूचा ताप उतरताना होतो तसा.

चहाच्या टेबलापाशी तिनं आधी फोन लावला. "काही नाही हो," लताबाई म्हणाल्या, "झोपली आहे मस्त, अंग गार आहे. मी म्हटलं अभिनंदन करावं. गल्लीच्या ग्रुपवर कॉलेजच्या फ्लेक्सवरचं आलंय ना तुमचं. ललितभाऊंनीच टाकलं, अंगठे बिंगठे लावून. एवढं बुटीक आणि आम्हाला पत्ता नाही? मी दोन ब्लाऊज पीस काढून ठेवलेत." दिपमालानं फोन ठेवला. ललितला माहीत होतं की घरात बुटीक नाही. एक उलटी बाही आहे. तरी त्यानं टाकलं होतं. रात्री विचारलं तर म्हणणार, कॉलेजनं पाठवलं ते पुढं पाठवलं, त्यात काय.

"ताई, राम राम." निळा शर्ट समोर उभा होता. हातात पोह्यांची बशी, चमचा न वापरता हातानंच खात होता. "मी रुपचंद. मेघाना बाप."

"या ना, दादा."

"चांगलं बोलनात तुम्ही. बठ्ठं समजनं माले. मशीन कोनतं शे तुम्हनं?"

तिनं आईच्या मशीनचं नाव सांगितलं, तेवढं एकच तिला माहीत होतं.

"आमना घर बी तेच शे," तो खूश होऊन म्हणाला. "मेघानी मायनं. पडेल शे कोपराम्हा, तेल घालं का चाली." मग त्यानं बशी खाली ठेवली, हात पुसला, आणि एखादा माणूस समजुतीचं बोलतो तसं बोलला, "एक इचारू? राग नका धरज्यात. हाई शिलाईना कामले बी.ए. कोठे लागनं?"

"म्हणजे... बोलता येतं, दादा. गिऱ्हाइकांशी. धीर येतो."

"बोलाले ते ती आत्तेच कोनले ऐकत नही." तो हसला. "नही ताई, तुम्ही डोळा उघाडात मन्हा. मी म्हने, कालेजम्हा जाईसन पोर कोन व्हस, मास्तरीन व्हस का कलेक्टर व्हस. ते ती म्हने, नही, त्या ताई देखा. मी आज देखं. आते शिलाईच करनी शे ते मशीन घरम्हा शे, क्लास गावम्हा शे. आनखी एक वरीस बसम्हा धक्का कसाले खाना? बरं झायं, तुम्ही सांगं. मी आंधाराम्हाच व्हतू."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं. तो खरोखर आभार मानत होता, डोक्यावरचं ओझं कुणी खाली उतरवून दिलं की मानतात तसे.

"दादा, तसं नाही," ती म्हणाली. दोन पावलांवर प्रशील सर प्राचार्यांना सांगत होते, ह्याच त्या. खोटं होतं ते सगळं, असं तिला म्हणता आलं असतं. जागा गेली असती, आणि मग याच माणसानं विचारलं असतं, म्हणजे काहीच नही मियनं का तुमले? "इथं बसून वाचायला मिळतं, दादा. निवांत. तेवढं एक वर्ष तिला मिळू द्या."

"काय वाचाले?"

"काहीही."

"ते कसाले?"

त्यानं खरंच विचारलं होतं. कुठल्या परीक्षकानं विचारला नसेल इतक्या साधेपणानं. दिपमालानं तोंड उघडलं. खिडकी होती, रस्त्यावरचे ट्रक होते, लटपटणारं टेबल होतं, कुणाचीच नसण्याचे ते पावणेदोन तास होते, आणि यातल्या एकालाही तिच्याकडं शब्द नव्हता. तीन वर्षं ती बाजूनं आणि विरुद्ध बोलायला शिकली होती. या विषयाची चिठ्ठी तिच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. मग तिला अवघडल्यासारखं झालंय हे ओळखून, माणुसकीनं, रुपचंदनंच विषय मिटवला. "ऱ्हाऊ द्या ताई. या कधी घर, केळी लई जा."

"महाजन मॅडम," प्राचार्य म्हणाले, आणि ती वळली. "उत्तम. समितीनं तुमचं नाव लिहून घेतलं. एक तारखेपासून या. सर सांगतील तुम्हाला वेळ." प्रशील सरांनी मान हलवली आणि दुसरीकडं बघितलं. त्यांनी रुपचंदचं बोलणं ऐकलं होतं, हे तिला त्यांच्या बघण्यावरून कळलं. हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं. दोघांनाही ते पाठ होतं, आणि दोघंही उभ्या उभ्या चहा पीत होते.

ती पायऱ्यांपाशी आली तेव्हा मेघा तिथं उभी होती, फ्लेक्सकडं पाठ करून. तिचे वडील फाटकाशी टोपी घालून तिची वाट बघत होते. मेघा रडलेली नव्हती. तिचा चेहरा नुसता आवरून ठेवल्यासारखा होता, पाहुणे यायच्या आधी खोली आवरतात तसा. आठ दिवसांनी पेढे घेऊन येणाऱ्या मुलींचा असायचा, तो चेहरा.

"मेघा, मी त्यांच्याशी पुन्हा बोलते. मी तुझ्या घरी येते."

"नको ताई. तुम्ही छानच बोललात." ती खरंच तसं म्हणाली, तिच्याही बोलण्यात टोमणा नव्हता. "मीच चुकले. मी दुसरा फोटो दाखवायला पाहिजे होता. चौथ्या नंबरला बँकेतल्या मॅडम आहेत." मग तिनं वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक पुढं केलं. "तुम्ही ग्रंथालयात लागणार आहात ना? सर म्हणत होते. एवढं जमा करून टाकाल? बाबा उद्यापासूनच शिलाईच्या क्लासला घालताहेत, मला आता परत येणं व्हायचं नाही."

फाटकातून बापानं हाक मारली, "मेघा, गाडी." ती गेली. चालताना तिनं एकदा हात छातीशी नेला, तिथं पुस्तक असायची सवय झालेली असावी, आणि मग दोन्ही हात ओढणीत गुंडाळले.

दिपमालानं पुस्तक उघडलं. निम्म्यात, पानाच्या वरच्या कोपऱ्याला, खुणेसाठी बसचं तिकीट घातलेलं होतं. तिनं ते तिथंच राहू दिलं. मग शेवटचं पान उघडून ग्रंथालयाची चिठ्ठी बघितली. परत करायच्या तारखेला अजून बारा दिवस होते.